डॉक्टरांची चिठ्ठी आणि गोळी यांच्यामधला माणूस

हार्बर मार्गावर नेरूळ आणि बेलापूर यांच्यामध्ये सीवूड्स-दारावे-करावे हे स्थानक लागते. यातले करावे हे खाडीकाठचे जुने आगरी-कोळी गाव. सिडकोने शहर वसवले, पाम बीच मार्ग झाला, गावाभोवती सेक्टर उभे राहिले. आज गावठाणातून बाहेर पडून थोडे चालले, की औषधाचे एखादे दुकान दिसतेच. याच पट्ट्यात औषधनिर्माणशास्त्र शिकवणारी महाविद्यालयेही आहेत: बेलापूरला भारती विद्यापीठाचे, नेरूळला डी. वाय. पाटील विद्यापीठाचे, थोडे पुढे सानपाड्याला ओरिएंटल. सकाळच्या लोकलमध्ये पांढरा कोट हातावर टाकून निघालेली मुले-मुली बघणाऱ्याला डॉक्टरकीचे विद्यार्थी वाटतात. ती फार्मसीची आहेत असे कळले, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे पुढे मेडिकल टाकणार का?"

प्रश्नात वाईट काही नाही. पण त्यातून एक समजूत दिसते. डॉक्टरांनी लिहायचे, दुकानदाराने फळीवरून डबा काढून द्यायचा, मग त्यासाठी चार वर्षे शिकायचे ते काय? या समजुतीची किंमत शेवटी रुग्ण मोजतो. फार्मसीच्या महाविद्यालयात जे वेगवेगळे विभाग असतात, त्यातला प्रत्येक विभाग औषधातून होऊ शकणाऱ्या एकेका अपघातावर पहारा देण्यासाठी आहे. हे समजले, तर काउंटरपलीकडे कोण उभे आहे हे विचारावेसे वाटेल.

मिक्श्चरच्या बाटलीपासून

पन्नाशी-साठी ओलांडलेल्यांना दवाखान्यातली मिक्श्चरची बाटली आठवत असेल. तिच्यावर कातरलेल्या कागदाची एक पट्टी चिकटवलेली असे. पट्टीच्या एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक डोस. ते मिक्श्चर तयार करायचा कंपाउंडर. त्याचे शिक्षण बहुधा डॉक्टरांच्या हाताखाली, बघून बघून झालेले असे. काही कंपाउंडर विलक्षण हुशार होते, काही नव्हते. यात फरक कसा करायचा याचे काही मोजमाप नव्हते.

त्याच काळात देशात औषधांच्या बाजाराला काही धरबंध नव्हता. भेसळीचे, कमी ताकदीचे, नुसतेच रंगवलेले पाणी असलेले औषधही खुलेआम विकले जाई. सरकारने १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली. १९३१ च्या अहवालात समितीने दोन गोष्टी सांगितल्या: औषधांवर कायद्याचे नियंत्रण हवे आणि औषध हाताळणारी माणसे शिकलेली हवीत. १९३२ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात प्रा. महादेव लाल श्रॉफ यांनी फार्मसीचे शिक्षण सुरू केले. १९४० मध्ये औषधांचा कायदा आला आणि १९४८ मध्ये फार्मसी कायदा. या दुसऱ्या कायद्याने फार्मसी कौन्सिल ऑफ इंडिया ही परिषद, राज्याराज्यांतील नोंदवह्या आणि 'नोंदणीकृत फार्मसिस्ट' ही ओळख दिली. मुंबईत कलिना येथे बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसी १९५७ मध्ये सुरू झाले. ते इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशनच्या राज्य शाखेने, म्हणजे या व्यवसायातल्या माणसांनीच उभे केले होते.

कंपाउंडर गेला, औषध कारखान्यात तयार होऊ लागले. मग फार्मसिस्टचे काम कमी झाले का? उलट वाढले. मिक्श्चर चार-पाच घटकांचे असे, आणि चूक झाली तर एका दवाखान्यापुरती राही. आता एका घाणीत लाखो गोळ्या निघतात आणि त्यातली चूक अनेक जिल्ह्यांत पोचते.

एक गोळी, पाच विभाग

तापाची साधी पॅरासिटामॉलची गोळी घेऊ. तिच्यात ५०० मिलिग्रॅम औषध आहे. पण नुसत्या औषधाची भुकटी दाबून गोळी होत नाही. ती बांधून ठेवायला चिकट द्रव्य लागते, पोटात गेल्यावर फुटायला स्टार्चसारखे द्रव्य लागते, यंत्राला चिकटू नये म्हणून मॅग्नेशियम स्टिअरेटसारखे वंगण लागते. वंगण गरजेपेक्षा जास्त पडले किंवा फार वेळ घोळले, तर गोळी देखणी होते पण पोटात विरघळायला उशीर लावते. रुग्ण म्हणतो, "गोळी लागू पडली नाही." डॉक्टर औषध बदलतात. दोष मात्र औषधात नसून गोळीच्या घडणीत असतो.

हे शिकवणारा विभाग म्हणजे फार्मास्युटिक्स, औषधाला गोळी, कॅप्सूल, मलम, सिरप, इंजेक्शन असे रूप देणारे शास्त्र. विद्यार्थी इथे हाताने मलम घोटतो, छोट्या यंत्रावर गोळ्या पाडतो आणि मग त्या तपासतो. एका चाचणीत सहा नळ्यांच्या जाळीदार चौकटीत सहा गोळ्या टाकून ती ३७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात खालीवर करतात. आवरण नसलेली साधी गोळी सामान्यतः १५ मिनिटांत विखरायला हवी. काही गोळ्यांना मुद्दाम असे आवरण देतात, की त्या जठरातल्या आम्लात दोन तास टिकाव्यात आणि आतड्यात जाऊन फुटाव्यात. हे ज्याने स्वतः घड्याळ लावून पाहिले आहे तो फार्मसिस्ट "आजोबांना गिळता येत नाही, कुटून देऊ का?" या प्रश्नाला थेट "द्या" म्हणणार नाही. आधी कोणती गोळी आहे ते बघेल. दिवसभर थोडे थोडे औषध सोडणारी गोळी कुटली, तर चोवीस तासांचा डोस एकदम अंगावर येतो.

दुसरा विभाग औषधी रसायनशास्त्राचा, त्याच्याच जोडीला विश्लेषणाचा. गोळीत ५०० मिलिग्रॅम लिहिले आहे, ते खरेच आहे का? त्यात नको ते काही आहे का? पॅरासिटामॉल तयार होताना किंवा खराब होताना पॅरा-अमिनोफिनॉल नावाचे द्रव्य उरू शकते. ते मूत्रपिंडाला घातक असते, म्हणून त्याची मर्यादा औषधसंहितेत ठरवून दिलेली आहे. द्रावण वेगवेगळ्या घटकांत फोडून प्रत्येकाचे प्रमाण मोजणारी यंत्रे या विभागात असतात. विद्यार्थ्याला इथे एक सवय लागावी लागते: बाटलीवरच्या लेबलवर विश्वास ठेवायचा नाही, तपासायचे.

तिसरा विभाग फार्माकोग्नोसीचा, म्हणजे वनस्पती आणि इतर नैसर्गिक द्रव्ये ओळखण्याचा. आयुर्वेदिक आणि वनौषधींचा वापर आपल्याकडे घरोघरी असल्याने हा विभाग महत्त्वाचा. स्त्रियांच्या तक्रारींवर वापरली जाते ती साल सीताअशोकाची. सोसायट्यांच्या कुंपणाला सरळसोट उंच वाढणारा, लोक ज्याला अशोक म्हणतात, ते झाड वेगळ्याच कुळातले. त्याची साल अशोकाच्या सालीत मिसळली जाते ही जुनी, माहितीतली भेसळ आहे. वाळवून भुकटी केल्यावर डोळ्यांना फरक कळत नाही, सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या रचनेवरून कळतो. याच विभागात अडुळशाची गोष्टही शिकवतात. आजीच्या काढ्यातल्या अडुळशात व्हॅसिसीन हे द्रव्य असते, त्याच्या रचनेवरून ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले. परसातले झाड आणि दुकानातली बाटली यांत असे नाते असू शकते. ते सिद्ध करावे लागते, गृहीत धरता येत नाही.

चौथा विभाग फार्माकोलॉजीचा, औषध शरीरात काय करते आणि शरीर औषधाचे काय करते ते शिकवणारा. पूर्वी यासाठी बेडूक, उंदीर, ससे लागत. आता पदवीच्या वर्गात हे प्रयोग बहुतांशी संगणकावरच्या प्रतिकृतींवर दाखवतात. पुन्हा पॅरासिटामॉलच घेऊ. प्रौढाला दिवसाला चार ग्रॅम ही वरची मर्यादा, आणि यकृत बिघडलेले असेल किंवा दारूचे व्यसन असेल तर त्याहून कमी. तापासाठी ६५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून चारदा, सर्दीसाठी आणलेल्या वेगळ्या नावाच्या गोळीत पुन्हा पॅरासिटामॉल, कंबरदुखीच्या गोळीत आणखी. तीन डबे, तीन नावे, औषध एकच. बेरीज रुग्ण करत नाही. तीन डॉक्टरांनी लिहिले असेल, तर त्यांच्यापैकीही कोणी करत नाही. ही बेरीज करू शकणारा एकमेव माणूस दुकानाच्या काउंटरवर असतो, कारण तिन्ही डबे त्याच्याच हातून जातात.

पाचवा विभाग फार्मसी प्रॅक्टिसचा. हा सर्वांत तरुण विभाग, आणि रुग्णाच्या सर्वांत जवळचा. चिठ्ठी कशी वाचायची, शंका आली तर डॉक्टरांना कसे विचारायचे, दम्याचा पंप कसा ओढायचा, इन्सुलिन दोन ते आठ अंशांत ठेवायचे पण बर्फ होऊ द्यायचे नाही, सुई टोचण्याची जागा रोज बदलायची, हे सारे इथे येते. यात अवघड रसायनशास्त्र काही नाही. अवघड आहे ते समोरच्या थकलेल्या, घाबरलेल्या, घाईत असलेल्या माणसाला दोन मिनिटांत समजेल असे सांगणे.

जे. जे. रुग्णालयातले ग्लिसरॉल

हे विभाग कशासाठी, याचे उत्तर महाराष्ट्राने फार मोठी किंमत देऊन शिकले आहे. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात काही रुग्णांची लघवी अचानक बंद होऊ लागली. त्यांचे मूळ आजार वेगवेगळे होते. त्यांच्यात समान धागा एकच होता, मेंदूतला किंवा डोळ्यातला दाब कमी करण्यासाठी त्यांना तोंडाने ग्लिसरॉल दिले गेले होते. ग्लिसरॉल हे एरवी निरुपद्रवी औषध. पण त्या साठ्यात डायएथिलिन ग्लायकॉल हे औद्योगिक द्रव्य मिसळलेले निघाले. ते मूत्रपिंडे निकामी करते. चौदा रुग्ण दगावले. राज्य सरकारने न्यायमूर्ती बी. लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमला. रुग्णालयातली औषधखरेदी आणि औषधांवर देखरेख करणारी यंत्रणा या दोन्हींवर आयोगाने अतिशय कठोर ताशेरे ओढले.

ग्लिसरॉल आणि डायएथिलिन ग्लायकॉल, दोन्ही रंगहीन, घट्टसर आणि चवीला गोड. बघून, हुंगून, चाखून फरक कळत नाही. तपासून मात्र कळतो, आणि त्यासाठी फार महागडी यंत्रेही लागत नाहीत. काचेच्या पट्टीवर पातळ थर देऊन त्यावर थेंब वर चढू देण्याची पद्धत फार्मसीचे विद्यार्थी महाविद्यालयातच हाताने करून शिकतात. तिच्यावरून डायएथिलिन ग्लायकॉल ओळखता येते. म्हणजे ज्ञान होते, चाचणी होती, शिकलेली माणसेही होती. औषध रुग्णाच्या हातात पडण्यापूर्वी तपासलेच पाहिजे, असा आग्रह धरणारा कोणी त्या वाटेवर उभा नव्हता.

हे विष नवे नाही. अमेरिकेत १९३७ मध्ये सल्फानिलामाइड हे औषध याच द्रव्यात विरघळवून विकले गेले आणि शंभराहून अधिक माणसे मेली, त्यांत मुले बरीच होती. त्यातूनच १९३८ चा कडक औषध कायदा तिथे आला. २०२२ मध्ये आफ्रिकेतल्या गांबियात आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात लहान मुलांच्या खोकल्याच्या सिरपात पुन्हा हेच विष सापडले. जवळजवळ नव्वद वर्षे एकच चूक होत आहे. प्रत्येक वेळी कच्चा माल कारखान्यात येताना त्याची ओळख पटवण्याची पायरी गाळली गेली, नाही तर कागदावरच पार पडली. ही पायरी ज्याच्या सहीने पुढे जाते तो तपासनीस बहुधा फार्मसीचाच पदवीधर असतो. ठाणे-बेलापूर आणि तळोज्याच्या औद्योगिक पट्ट्यांत नोकरी शोधणाऱ्या विद्यार्थ्याने महाविद्यालयात काय सवय लावून घेतली, याच्याशी दूरच्या गावातल्या एखाद्या मुलाची मूत्रपिंडे बांधलेली असतात.

पाचशे तास

शिक्षणाचे तीन रस्ते आहेत. बारावी विज्ञानानंतर दोन वर्षांची पदविका म्हणजे डी. फार्म., चार वर्षांची पदवी म्हणजे बी. फार्म., आणि सहा वर्षांची फार्म. डी., जी देशात २००८ च्या नियमांनी आली. पदविकेच्या विद्यार्थ्याला वर्गातली दोन वर्षे झाल्यावर पाचशे तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण घ्यावे लागते. पदवीच्या विद्यार्थ्याला कारखान्यात किंवा रुग्णालयात किमान दीडशे तास काढावे लागतात, शिवाय सातव्या सत्रात 'प्रॅक्टिस स्कूल'चे आणखी दीडशे तास. फार्म. डी.च्या विद्यार्थ्याचे सहावे वर्ष संपूर्ण रुग्णालयात जाते. त्यातले सहा महिने जनरल मेडिसिनच्या वॉर्डात आणि उरलेले तीन इतर विभागांत, प्रत्येकी दोन महिने.

नियम चांगले आहेत. खरा प्रश्न त्या तासांत काय घडते हा आहे. पाचशे तास म्हणजे रोज आठ तास धरले तर बासष्ट-त्रेसष्ट दिवस. या दिवसांत विद्यार्थ्याने शेकडो चिठ्ठ्या वाचाव्यात, चुका पकडाव्यात, रुग्णाशी बोलावे, मुदत संपलेला माल बाजूला काढावा, शीतपेटीचे तापमान रोज टिपावे, अशी अपेक्षा असते. जिथे चांगला मार्गदर्शक मिळतो तिथे हे होते आणि मुले दोन महिन्यांत ओळखू न येण्याइतकी बदलतात. जिथे मिळत नाही तिथे मुलगा खोकी उचलतो, गिऱ्हाईक सांभाळतो, किंवा शेवटच्या दिवशी फक्त सही-शिक्का घ्यायला उगवतो. प्रमाणपत्र दोघांचेही सारखेच दिसते.

हा फरक पुढच्या काळात अधिक बोचणार आहे. फार्मसी परिषदेने २०१९ मध्ये नव्या महाविद्यालयांना पाच वर्षांची स्थगिती दिली होती. ती उच्च न्यायालयांत रद्द झाली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवले. त्यानंतर महाराष्ट्रात नवी महाविद्यालये भराभर उघडली. इमारत वर्षभरात बांधता येते. दहा वर्षांचा अनुभव असलेला शिक्षक वर्षभरात तयार होत नाही, आणि विद्यार्थ्याला दोन महिने मन लावून शिकवणारे रुग्णालय किंवा दुकानही होत नाही. पदविकेनंतर नोंदणीपूर्वी 'एक्झिट' परीक्षा घ्यायचे नियम २०२२ मध्ये आले ते याच काळजीपोटी. परीक्षा ज्ञान तपासेल. दुकानात गर्दी असताना शंका आली, तर फोन उचलून डॉक्टरांना विचारायचे धैर्य मात्र कोणत्याही पेपरात तपासता येत नाही. ते बघून बघूनच येते.

पालकांनी प्रवेश घेण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. महाविद्यालयाला फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता आहे का, कारण ती नसेल तर राज्य परिषदेत नोंदणी होत नाही आणि पदवी असूनही औषध द्यायचा अधिकार मिळत नाही. आणि विद्यार्थ्यांना प्रशिक्षणासाठी नेमके कुठे पाठवतात. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिथे शिकत असलेल्या मुलांना विचारले, तर जास्त खरे मिळते.

काउंटरवर कोण आहे?

फार्मसी कायद्याप्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध तयार करणे किंवा देणे हे नोंदणीकृत फार्मसिस्टचे काम आहे. औषध नियमांप्रमाणेही ते त्याच्या देखरेखीखालीच व्हावे लागते. प्रत्यक्षात अनेक दुकानांत भिंतीवर फ्रेममध्ये प्रमाणपत्र असते आणि ज्याचे नाव त्यावर आहे तो दुसऱ्याच गावी नोकरी करत असतो. महिन्याला ठरावीक रक्कम घेऊन नाव वापरू देण्याचा हा व्यवहार सगळ्यांना माहीत आहे, देणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने काही वर्षांपूर्वी याविरुद्ध कडक मोहीम उघडली, तेव्हा औषधविक्रेत्यांच्या संघटनांनी दुकाने बंद ठेवून विरोध केला होता. दुकानदारांची बाजूही ऐकायला हवी. सकाळी आठ ते रात्री अकरा दुकान उघडे ठेवायचे, तर दोन फार्मसिस्ट लागतात. छोट्या दुकानाला दोन पगार परवडत नाहीत, आणि जो पगार देऊ केला जातो त्यावर शिकलेला मुलगा टिकत नाही. तो कारखान्यात जातो, कंपनीचा प्रतिनिधी होतो, परदेशी जातो.

तरीही याची किंमत कोण देते, हे एका औषधावरून कळेल. सांधेवातावर मेथोट्रेक्सेट हे फार उपयोगी आणि स्वस्त औषध आहे. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चिठ्ठीवर 'आठवड्यातून एकदा' हे बारीक अक्षरात राहते, काउंटरवरचा मुलगा सवयीने पाकिटावर 'रोज एक' लिहितो. आठ-दहा दिवसांत रुग्णाच्या तोंडात फोड येतात, घास गिळता येत नाही, मग ताप येतो. रक्त तपासले तर पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात. असे रुग्ण जगभरातल्या रुग्णालयांत येतात आणि काही परत जात नाहीत. प्रशिक्षित फार्मसिस्ट हे नाव वाचताच थांबतो. आठवड्याचा वार विचारतो, तो वार पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहितो आणि रुग्णाकडून एकदा म्हणवून घेतो, "कोणत्या वारी घ्यायची?" या सगळ्याला एक मिनिट लागते.

सारख्या नावांचा घोटाळाही असाच. हायड्रॉक्सिझिन हे खाजेवरचे औषध, हायड्रॅलाझिन रक्तदाबावरचे. वाचताना एका अक्षराची घाई झाली, की खाज सुटलेल्या माणसाचा रक्तदाब उतरतो. डॉक्टरांचे अक्षर हा विनोदाचा विषय झाला आहे, पण त्या विनोदाने मेलेली माणसे आहेत. औषधाचे मूळ नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, असा नियम वैद्यक परिषदेने २०१६ मध्येच केला. तो पाळणे डॉक्टरांच्या हातात आहे. आणि फार्मसिस्टचा फोन आला तर "मी लिहिलंय तेच द्या" असे खेकसण्याऐवजी चिठ्ठी पुन्हा वाचणेही. जो फार्मसिस्ट एकदा खेकसून घेतो, तो दुसऱ्यांदा फोन करत नाही.

वॉर्डातला पांढरा कोट

रुग्णालयात फार्मसिस्टची जागा आजवर खिडकीमागे राहिली आहे. सरकारी रुग्णालयात बाह्यरुग्ण विभागाच्या दिवशी त्या खिडकीसमोरची रांग आवाराच्या टोकापर्यंत जाते. एका रुग्णाच्या वाट्याला जेमतेम मिनिट येते. तेवढ्यात गोळ्या मोजून पाकिटात भरल्या जातात, समजावून सांगणे राहून जाते. परिषदेचे २०१५ चे फार्मसी प्रॅक्टिस नियम रुग्णाला समुपदेशन करणे हे फार्मसिस्टचे कर्तव्य मानतात. पण नियमाला हात फुटत नाहीत, ते काम करायला माणसे लागतात. जिथे वॉर्डाच्या फेरीत डॉक्टर आणि परिचारिका यांच्यासोबत क्लिनिकल फार्मसिस्ट असतो, तिथे तो केसपेपरवरची दहा औषधे एकत्र बघतो. मूत्रपिंड कमजोर असलेल्या रुग्णाचा अँटिबायोटिकचा डोस कमी करायला सुचवतो, रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर वेदनाशामक लिहिले गेले असेल तर बोट ठेवतो.

औषधाचा दुष्परिणाम टिपणे हाही त्याच्या कामाचा भाग. देशात २०१० पासून फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रम चालू आहे आणि गाझियाबादचा भारतीय औषधसंहिता आयोग त्याचे काम पाहतो. डॉक्टर, फार्मसिस्ट, परिचारिका आणि रुग्णसुद्धा औषधाच्या त्रासाची माहिती १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर देऊ शकतात. जे. जे. रुग्णालयातल्या त्या रुग्णांना जोडणारा धागा कोणाच्या तरी लक्षात आला म्हणून पुढचे जीव वाचले. अशी नोंद रोज, न चुकता झाली तर धागा लवकर सापडतो.

आपण काय करावे

औषध घेताना काही गोष्टी आपल्या हातात आहेत. दुकानात फार्मसिस्ट आहे का, हे विचारण्यात अपमान काही नाही. औषध हातात घेतल्यावर तीन प्रश्न विचारावेत: हे कशासाठी, कधी आणि किती दिवस, आणि मी आधीपासून घेत असलेल्या गोळ्यांबरोबर चालेल का. तिसऱ्या प्रश्नासाठी घरातल्या सगळ्या गोळ्यांची यादी मोबाइलमध्ये किंवा पाकिटात ठेवावी, त्यात काढे आणि चूर्णेही लिहावीत. बिल घ्यावे, कारण त्यावर घाणीचा म्हणजे बॅच नंबर असतो आणि एखादी बॅच सदोष निघाली तर आपल्या घरी तीच आहे का हे त्यावरूनच कळते. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागू नये. दुकानदाराने नाही म्हटले तर रागावू नये. २०१४ पासून लागू झालेल्या 'शेड्यूल एच-१' यादीतल्या औषधांसाठी त्याला रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव वेगळ्या वहीत लिहावे लागते आणि ती वही तीन वर्षे जपावी लागते. नाही म्हणणारा दुकानदार आपले गिऱ्हाईक गमावण्याचा धोका पत्करून नियम पाळत असतो.

आणि शेजारची मुलगी फार्मसीला गेली असे कळले, तर "मेडिकल टाकणार का?" याऐवजी "आजीच्या गोळ्या एकदा बघशील का?" असे विचारून पाहावे. सगळे डबे ती टेबलावर मांडेल, मुदत संपलेले बाजूला काढेल, दोन डब्यांत एकच औषध असेल तर दाखवेल. डोस मात्र ती स्वतः बदलणार नाही. डॉक्टरांना विचारायला सांगेल.